धनुष्कोडी: एकदा टूरवाल्याबरोबर, एकदा आपलं आपण

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो, धनुष्कोडीला, म्हणजे रामेश्वरच्या पुढं जमीन संपते त्या टोकाला, जायचं तर उजाडायच्या आधी निघा, टूरवाल्याच्या टेंपोत बसून भर अकरा वाजता जाऊ नका. आम्ही दोन्ही करून आलोय, सलग दोन दिवस, त्यामुळं दोन्हीचा रिव्ह्यू देतो. पहिल्या दिवसाला पाचातले दोन स्टार, त्यातला एक तिथल्या चहाला. दुसऱ्या दिवसाला साडेचार, अर्धा का कापला ते खाली येईल.

आम्ही बेळगावातल्या वडगावचे, घराच्या मागल्या अंगाला चार पॉवरलूम, मी आणि बायको दोघंही त्यातच. आईची काशी दोन वर्षांमागं झाली, गल्लीतल्या बायकांबरोबर गेली होती, येताना गंगेचा झाळलेला तांब्याचा गडू घेऊन आली आणि तेव्हापासनं तो देवघरात. हे पाणी रामेश्वराला नेऊन घातल्याशिवाय काशी पुरी होत नाही असं आपल्यात म्हणतात, आणि तिकडनं सेतूची वाळू आणून परत गंगेत सोडायची. दर सणाला गडू घासताना आईचं एकच, "गंगा माझी अडकून पडलीया रे घरात." दोन वर्षं ऐकलं. शेवटी यंदा जूनच्या शेवटच्या आठवड्यात, साड्यांना तसाही उठाव नव्हता, दोन माग बंदच होते, तेव्हा आमच्याच भागातल्या एका टूरवाल्याकडं तिघांचे पैसे भरले. नाव लिहीत नाही, उद्या खडेबाजारात समोरासमोर यायचं आहे.

राणी चन्नम्मानं बेंगळूर, तिथनं रात्रीच्या गाडीनं मदुराई, मीनाक्षीचं दर्शन, आणि मग टेंपो. मदुराई ते रामेश्वर साडेतीन तास धरून चाला. बेळगावातनं निघताना पाऊस असा लागलेला की स्टेशनवर पोचेस्तोवर बॅगा भिजल्या, आणि तिकडं उतरलो तर रखरखीत ऊन, थेंब नाही. मला वाटलं यंदा यांच्याकडं पाऊस लेट आहे, पण तसं नाही, तिकडचा खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. आपला पाऊस घाटावर सगळा सांडून जातो आणि पलीकडं पोचतो तो नुसता वारा. आता तुम्ही म्हणाल वारा आम्हाला काय सांगतोस, राजहंसगडावर आम्ही पण गेलोय. मी पण तेच म्हणत होतो.

पांबनच्या पुलावर टेंपो दहा मिनिटं थांबवला. गाड्यांचा पूल १९८८ चा, त्याच्या शेजारी खाली रेल्वेचे दोन पूल, एक १९१४ चा जुना गंजलेला आणि एक एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालेला नवा, ज्याचा मधला ७२.५ मीटरचा तुकडा लिफ्टसारखा सरळ वर जातो आणि खालनं जहाज निघतं. आम्ही होतो तेव्हा काही वर गेला नाही. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांची टोपी मात्र गेली, खाली समुद्रात, आणि काका पाच मिनिटं कठड्याला टेकून ती कुठं चालली ते बघत उभे होते.

रामेश्वराच्या देवळाबद्दल लिहिणारे लई आहेत, मी थोडक्यात सांगतो. बावीस तीर्थांचं पाणी बादल्यांनी अंगावर ओततात, कपडे बदलायला सोय आहे पण गर्दीपुढं पुरत नाही, आणि तो खांबांचा लांबच लांब सोपा बघून माणूस गप्प होतो. आईचा गडू तिथल्या पुजाऱ्याकडं दिला, गंगा मोकळी झाली, आई रडली. एवढं पुरे.

आता मुद्द्याचं. दुसऱ्या दिवशी टूरच्या कागदावर लिहिलेलं होतं, "धनुष्कोडी दर्शन, अर्धा दिवस". प्रत्यक्षात काय झालं तर नाष्टा करून निघता निघता दहा, रस्त्यात एक शंख-शिंपल्यांचं दुकान आलं तिथं पाऊण तास, का तर म्हणे ओळखीचं आहे, स्वस्त देतात. स्वस्त कुणाला ते मला कळलं नाही, आमच्या शेजारणीनं एक शंख घेतला तोच बाहेरच्या गाड्यावर निम्म्या किमतीत होता. आणि एक सांगून ठेवतो, प्रवाळाचे तुकडे कुणी विकायला आणले तर घेऊ नका, कायद्यानं बंदी आहे, तो सगळा मन्नारच्या आखाताचा पट्टा त्यासाठी राखून ठेवलेला आहे.

तर टोकाला पोचलो साडेअकराला. त्या टोकाला अरिचलमुनै म्हणतात, रस्ता तिथं संपतो, मधी एक गोल सर्कल आणि त्यावर चार सिंहांचा खांब. सर्कलभोवती टेंपो, बस, कार, सगळे हॉर्न मारत फिरत्यात, वरनं ऊन, बाजूनं वारा, वाऱ्यात वाळू, आणि टूरवाला ओरडतोय "पस्तीस मिनिटं, पस्तीस मिनिटं!" आईनं छत्री उघडली ती उलटी झाली. बायकोच्या तोंडात वाळू. खाली पाण्याकडं जायला जिथनं वाट होती तिथं फोटोवाल्यांची एवढी गर्दी की आईला धरून नेणं शक्यच नव्हतं. ती टेंपोतच बसली, काचेतनं बघत. परत निघालो तेव्हा एवढंच म्हणाली, "वाळू राहिली की रे." मी टूरवाल्याला जाऊन सांगितलं, बाबा, ह्या म्हातारीला वाळूच पाहिजे होती, तिच्यासाठी तर आलोय. तो म्हणतो, "काका, वाळू काय, आमच्या लॉजच्या मागं पण आहे."

ह्या वाक्याचा एक स्टार कापला. चहा चांगला होता म्हणून दोन राहिले.

तिसऱ्या दिवशी टूरच्या कागदावर "मोकळा वेळ, लोकल शॉपिंग" होतं. रात्री लॉजच्या पोराला विचारलं पहाटे ऑटो मिळेल काय, त्यानं फोन लावला, पंधराशे ठरले, जाऊन येऊन आणि पाहिजे तेवढं थांबून. महाग वाटेल पण टोक रामेश्वरपासनं वीसेक किलोमीटर आहे आणि तो माणूस आमच्यासाठी चार तास थांबला, एकदा पण घड्याळ बघितलं नाही त्यानं. पहाटे पाचला खाली हजर. वयानं माझ्याएवढाच, हिंदी मोजून दहा शब्द, इंग्लिश वीस. आई मागं मधी, एका बाजूला मी एका बाजूला बायको, आईच्या मांडीवर पिशवी आणि पिशवीत कुंद्याचा, म्हणजे आपल्या बेळगावी मिठाईचा, रिकामा डबा. हा डबा निघताना मी घेतलेला, एक किलो कुंदा, गाडीतच संपला, आईनं डबा बाथरूममध्ये धुऊन पंख्याखाली वाळवून ठेवलेला.

गाव सुटल्यावर दोन्ही बाजूला सुरूची झाडं, मग झाडं संपतात, चेकपोस्टवर जरा थांबवलं, मग सोडलं. शेवटचा साडेनऊ किलोमीटरचा रस्ता २०१७ ला सुरू झाला, त्याच्या आधी लोक वाळूतनं जीपनं नाहीतर मिनी टेंपोनं जात होते. रस्ता सरळ, एकदम सरळ, पट्टी मारल्यासारखा, डावीकडं पण समुद्र आणि उजवीकडं पण समुद्र, कुठं कुठं मधी एवढी अरुंद जमीन की आपल्या गल्लीत दोन रिक्षा समोरासमोर आल्यासारखं वाटतं. डावीकडचं पाणी गप, तळ्यासारखं, उजवीकडचं खवळलेलं. ड्रायव्हरनं डावीकडं बोट करून सांगितलं "पेण कडल", उजवीकडं "आण कडल". म्हणजे बाई समुद्र आणि बुवा समुद्र. जूनमध्ये वारा नैऋत्येचा, म्हणून दंगा सगळा उजवीकडं. थंडीत वारा फिरतो तसे हे दोघे पण आपली कामं बदलून घेतात म्हणे. बायको हे ऐकून माझ्याकडं बघून हसली, का ते लिहीत नाही.

आणि वाळू. हे मी नीट सांगतो कारण ह्याचा फोटो निघत नाही, मी दहा काढले, सगळे बेकार. वारा उजवीकडनं डावीकडं, आणि वाळू रस्त्यावरनं जमिनीला धरून, घोट्याच्या वर न येता पळत होती. ढगासारखी नव्हे. एकेक रेघ वेगळी. शेकडो बारीक रेघा, एकमेकीला न लागता, सगळ्या एकाच दिशेला, मधीच एखादी तुटते आणि परत जुळते. मागाच्या बीमवर, म्हणजे रुळावर, ताणा भरताना दोरे कसे जातात तसं डिट्टो. मी बायकोला कोपरानं ढोसलं, तिनं आधीच बघितलं होतं. "काऊंट बारीक हाय," म्हणाली, म्हणजे सूत बारीक.

टोकाला पोचलो तर आमच्याशिवाय तीन माणसं. दोन कोळी जाळं ओढत होते आणि एक पोरगा मोटारसायकलवर झोपलेला. कालचं सर्कल तेच, पण ओळखू येईना. सूर्य डाव्या अंगाला, बाई समुद्रातनं वर आला. त्याबद्दल काय लिहू, सूर्य सगळीकडं येतो. वाऱ्याबद्दल लिहितो.

पायऱ्या उतरून वाळूत गेलो आणि बोलणं बंद झालं. म्हणजे बोलतोय पण तोंडातनं शब्द निघाला की वारा घेऊन गेला. आई माझ्या शेजारी, दोन हातावर, ओरडून काहीतरी सांगतीय आणि मला फक्त तोंड हललेलं दिसतंय. गोव्याला आपण सगळे जातो, कलंगुटला पोरं नेतो, मालवणला जातो, तिथं लाटांचा आवाज असतो पण माणसांचा त्याच्यावर असतो. इथं माणसाचा आवाज शिल्लकच राहत नाही. आता गंमत बघा, मला आणि बायकोला त्याचं काही वाटलंच नाही. चार माग एकदम चालू असल्यावर आमच्या शेडात कोण बोलतंय? वीस वर्षं झाली आम्ही दोघं खुणेनं बोलतो. दोरा तुटला म्हणजे दोन बोटं, कांडी संपली म्हणजे मूठ उघडायची, चहा म्हणजे अंगठा तोंडाकडं, आई बोलवतीय म्हणजे डोक्यावर पदर घेतल्यासारखा हात. तिनं मला लांबनं खूण केली, आई, खाली बसव. मी खूण केली, ओलं आहे. तिनं केली, असूदे. असं आमचं चाललेलं, आणि तो मोटारसायकलवरचा पोरगा उठून बसला होता, आम्हा दोघांकडं बघतच राहिला, त्याला वाटलं असेल मुकी आहेत बिचारी.

आईला ओल्या वाळूच्या जरा वर बसवली. इरकलचा पदर वाऱ्यानं असा ताणला की तो एकदा माझ्या तोंडाला गुंडाळला. तिनं पदर दातात धरला, डबा दोन पायांत धरला आणि ओंजळीनं वाळू भरायला लागली. मी मदतीला गेलो तर हात झटकला. एक ओंजळ भरायची, निम्मी वाऱ्यानं जायची, परत भरायची. मग तिनं युक्ती केली, वाऱ्याकडं पाठ केली आणि पदराचा आडोसा धरून ओली वाळू घेतली, ती उडत नाही. पाव तास चाललं होतं. समोर सेतू म्हणतात तो, म्हणजे वाळूच्या आणि चुनखडीच्या उथळ पट्ट्यांची रांग, इथनं निघून श्रीलंकेच्या तलैमन्नारकडं जाते, पलीकडचं टोक तीसेक किलोमीटर. श्रीलंका आम्हाला काही दिसली नाही, पण माझ्या मोबाईलला दिसली, श्रीलंकेत आपलं स्वागत आहे म्हणून मेसेज आला. रोमिंग बंद करून ठेवा जावा तेव्हा.

पोहायचा विचार पण करू नका. दोन समुद्रांचं पाणी तिथं एकत्र येतं, प्रवाह कुठनं कसा ओढतो कळत नाही, माणसं गेलेली आहेत, बोर्ड लावलेले आहेत. पाय भिजवा आणि मागं या. पतंगाला धरून पाण्यावर पळणारी पोरं असतात ना, तसली आम्हाला आदल्या दिवशी बेटावरच दुसऱ्या बाजूला दिसली, त्याची शिकवणी पण चालते तिथं, पण ते शिकून सवरून करायचं काम.

परतताना ड्रायव्हरनं जुन्या गावाजवळ ऑटो थांबवला. हे गाव टूरमध्ये पण दाखवतात पण काल आम्हाला टेंपोतनंच दाखवलं, "डावीकडं बघा, उजवीकडं बघा". चर्चच्या भिंती उभ्या आहेत, छप्पर नाही, दगड बघितला तर प्रवाळाचा, भोकं भोकं असलेला. स्टेशनाचे थोडे अवशेष. एके काळी मद्रासहून बोट मेल नावाची गाडी थेट इथपर्यंत यायची आणि इथनं आगबोटीनं माणसं सिलोनला जायची, १९१४ ला पांबनचा पूल झाल्यावर हे सुरू झालं. टपाल हापिस, शाळा, सगळं होतं. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळ आलं, पांबनहून निघालेली पॅसेंजर गाडी धनुष्कोडी अगदी तोंडावर आलेली असताना लाटेखाली गेली, शंभरच्या वर माणसं, एक वाचलं नाही. गाव पण गेलं, आणि सरकारनं नंतर इथं राहायला नको म्हणून जाहीर केलं. पांबनचा पूल पण मोडला होता, तो ४६ दिवसांत परत उभा केला ज्या तरुण इंजिनियरनं ते श्रीधरन, तेच पुढं कोकण रेल्वेवाले. हे मला माहीत नव्हतं. आपण मडगावला जाऊन कोकण रेल्वेत बसतो तेव्हा कुठं असलं डोक्यात येतं.

आई ऑटोतनं उतरून त्या भिंतीपाशी गेली आणि हात लावून बघितला. १९६४ ला ती तेरा वर्षांची. काही बोलली नाही, म्हणजे बोलली असेल तर मला ऐकू आलं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा रिव्ह्यू लिहायला घेतला ती. त्या पडक्या गावाच्या जवळ अजून कोळ्यांच्या झोपड्या आहेत, झावळ्यांच्या, राहायला नको म्हटलेल्या जागेत माणसं राहतात. एक बाई वाळूत खड्डा करून बसलेली, गुडघ्याएवढा पण नाही खोल, आणि करवंटीनं त्यातलं पाणी काढून घागरीत ओतत होती. समुद्र तिथनं शंभर पावलांवर, इकडं पण आणि तिकडं पण. आई तिथंच थांबली. आमच्या आईला बाजारापुरतं कन्नड येतं, शनिवार खुटावर भाजी घ्यायला लागतं तेवढं. तिनं पाण्याकडं बोट केलं आणि विचारलं, "उप्पु?" बाई हसली, मान हलवली, "उप्पु इल्लै." आई माझ्याकडं वळून म्हणाली, "उप्पु इल्ला म्हणतीय रे, ही आपल्यातलीच हाय की!" मीठाला दोघींकडं एकच शब्द, नाही म्हणायला पण जवळजवळ एकच. बेळगावात पाट्यांवरनं आपण किती डोकी फोडून घेतली आणि कन्नड उपयोगी पडलं ते इथं, तमिळनाडूच्या शेवटच्या वाळूत. बाईनं करवंटी पुढं केली. आई प्याली, मग मी प्यालो. गोडं पाणी! आमच्याकडं राकसकोप धरणाचं नळाला येतं त्यापेक्षा गोड, खोटं सांगत नाही. ड्रायव्हरनं हातवारे करून सांगायचा प्रयत्न केला, ते मला नंतर कळलं, पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळं त्याच्यावर तरंगत राहतं, म्हणून खड्डा उथळच करायचा, खोल गेलात तर खारं लागतं. आईनं पैसे पुढं केले, बाईनं घेतले नाहीत. मग आईनं पिशवीतनं शेंगाचटणीची पुडी काढून दिली. बाईनं वास घेतला, बोटानं चाखली आणि खोकायला लागली. दोघी हसत बसल्या. मी घड्याळ बघितलं, चाळीस मिनिटं झालेली. टूरवाल्याच्या हिशोबात अख्खं धनुष्कोडी आटपून पाच मिनिटं वर.

खायचं सांगतो. झोपड्यांच्या रांगेत मासे तळून देतात, बाहेर कच्चे मांडलेले असतात, बोट करायचं, तो लाल मसाला चोळून समोर तव्यावर टाकतो. सुरमईला तिकडं वंजरम म्हणतात. जूनच्या शेवटी जायचा फायदा बघा, आपल्याकडं १ जून ते ३१ जुलै बोटी बंद, गोवा-कारवारचा ताजा मासा बेळगावात मिळणं मुश्कील, जो मिळतो तो बर्फातला. तिकडं पूर्वेला बंदी १५ एप्रिल ते १४ जून, म्हणजे आम्ही गेलो तेव्हा नुकत्याच बोटी सुटलेल्या. मसाला आपल्याला जरा सपक वाटेल, कढीपत्ता आणि लसूण जास्त, पण मासा असा की काट्यापासनं आपोआप सुटत होता, आणि वारा असा की प्लेट एका हातानं धरून दुसऱ्या हातानं खायला लागतं, सोडली तर गेली. सुरमईच्या दोन तुकड्या आम्ही दोघांनी खाल्ल्या. दर आधी विचारून घ्या, माणूस बघून सांगतात. तीर्थाच्या ठिकाणी मासा खावा का नाही ह्यावर आमच्या घरात अजून चर्चा चालू आहे, बायकोचं म्हणणं देऊळ वीस किलोमीटर लांब आहे, "आत्या, तिथवर वास पण जात नाही." आईनं आमच्याकडं पाठ करून नारळपाणी घेतलं. "राम गेला तवा मासे बाजूला झाले म्हणत्यात," एवढंच म्हणाली, "तुमच्यापायी आता कायमचे जातील."

आता अर्धा स्टार कशाचा कापला. बायकांसाठी संडासाची सोय टोकाकडं धड नाही, सकाळी लवकर गेलं तर ज्या आहेत त्या पण बंद, त्यामुळं गावातनंच आवरून निघा, म्हातारं माणूस बरोबर असेल तर जास्तच विचार करा. सावली म्हणून शून्य, नऊनंतर ऊन भाजून काढतं. आणि कचरा. सर्कलच्या खाली कठड्याच्या दगडांत पाण्याच्या बाटल्या, चिप्सची पाकिटं, निर्माल्य, सगळं अडकलेलं. तिथले कोळी टाकत नाहीत ते, आपण टाकतो, कालच्या आमच्या टेंपोतनंच दोन बाटल्या गेलेल्या मी बघितल्या आणि गप बसलो, हे पण लिहितो.

लॉजबद्दल दोन ओळी, खोली बरी, चादरी स्वच्छ, गरम पाणी बादलीनं, खिडकी रात्रभर वाऱ्यानं वाजते, कागद दुमडून फटीत घालायला लागतो. ऑटोवाल्याला पाचात पाच. संध्याकाळी जायचा बेत करणाऱ्यांनी लक्षात ठेवा, अंधार पडायच्या आधी पोलीस सगळ्यांना मागं पाठवतात, सूर्यास्त बघत बसू म्हणाल तर जमत नाही. थंडीत गेलात तर डावीकडच्या उथळ पाण्यात फ्लेमिंगो असतात, आम्हाला जूनमध्ये एक दिसला नाही. येताना वाटेत कोदंडराम देऊळ बघा, बिभीषणाला राज्याभिषेक झाला ती जागा म्हणतात, १९६४ च्या वादळात हे तेवढं टिकलं.

परत निघालो. साडेनऊला समोरनं पहिला टेंपो आला, मग रांगच लागली. ऑटो सुरूच्या झाडांत शिरला आणि वारा एकदम बंद. एकदम म्हणजे कसा, शेडात चारी माग चालू असताना लाईट जाते तेव्हा होतं ना, कान वाजायला लागतात आणि आपलाच आवाज मोठा वाटतो, तसा. मी बायकोला अंगठा तोंडाकडं नेऊन खूण केली, चहा घेऊया काय. ती म्हणाली, "आता तोंडानं बोला की हो, ऐकायला येतंय."

टूरवाल्याला मी परत काही बोललो नाही. तो मात्र बोलला, तुम्ही तिघं ग्रुप सोडून गेला, मी जबाबदार नाही. बरोबर आहे त्याचं.

डबा आता देवघरात आहे, गडू होता त्याच जागी. वर दुकानाचं नाव आणि कुंद्याचं चित्र असल्यामुळं पहिल्या आठवड्यातच आमच्या पोरानं रात्री अंधारात उघडून चमचा घातला. बायकोनं आता वर मार्करनं लिहिलंय, "कुंदा नाही." आई म्हणते सेतू माझा अडकून पडलाय घरात, आणि परवा त्याच टूरवाल्याला फोन करून काशीची तारीख विचारून घेतली, माझ्याच मोबाईलवरनं.